बोटीवर पहिल्यांदा जाताय? भर समुद्रातल्या इंटरनेटची तयारी घरूनच करा

माझ्या पहिल्या कॉन्ट्रॅक्टच्या चौथ्या महिन्यात माझा भारतातला मोबाइल नंबर बंद पडला. तेव्हा मी कॅरिबियनमध्ये होतो, क्रूझवर हाउसकीपिंगला. बोटीवर वाय-फाय होतं, व्हॉट्सअ‍ॅप चालू होतं, पगारही जमा झाला होता. पण बँक ओटीपी पाठवायची त्याच नंबरवर. इकडे वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरलेली, पैसे खात्यात पडून, आणि मला त्यातला एक रुपया हलवता येईना. शेवटी दापोलीतल्या मित्रानं पैसे भरले. नंबर परत मिळवायला मला घरी आल्यावर आणखी महिना लागला.

आमच्या भागातून दर वर्षी नवी मुलं बोटीवर जातात. सीडीसी (खलाशाची सरकारी नोंदपुस्तिका), मेडिकल, व्हिसा, एसटीसीडब्ल्यूचे (बोटीवरच्या सुरक्षेचे) कोर्स यांबद्दल त्यांना सगळे सांगतात. नेटबद्दल फक्त एवढंच सांगितलं जातं, की "तिकडे वाय-फाय असतं." असतं, हे खरं आहे. पण माणूस अडकतो तो वाय-फायपाशी नाही, ओटीपीपाशी, बंद पडलेल्या सिमपाशी आणि लॉगआउट झालेल्या अकाउंटपाशी. यातलं बहुतेक काम गाव सोडण्याआधी होतं. बोटीवर गेल्यावर ते जवळजवळ अशक्य असतं.

हा लेख मुख्यतः नव्याने जॉइन होणाऱ्या क्रूसाठी आहे. गेस्ट म्हणून क्रूझला निघाला असाल तर पायरी १, ४ आणि ५ वाचल्या तरी पुरे.

१. समुद्रात नेट येतं कुठून, ते आधी समजून घ्या

बोट किनाऱ्यापासून साधारण वीस-तीस किलोमीटर आत गेली की मोबाइलचा टॉवर सुटतो. पुढे सगळं उपग्रहावर. वरच्या डेकवर जे मोठे पांढरे घुमट दिसतात, त्यांच्या आत अँटेना असतात. बोट डुलली तरी त्या उपग्रहाकडे तोंड धरून राहतात.

जुन्या पद्धतीचे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. तुमचा शब्द वर जाऊन खाली येणार, मग उत्तरही तसंच वर जाऊन खाली येणार, यात निव्वळ अंतरामुळे जवळपास अर्धा सेकंद जातो. म्हणून अशा बोटीवर व्हिडिओ कॉलवर दोघं एकदमच बोलायला लागतात आणि दोघं एकदमच थांबतात. काही कंपन्या मधल्या उंचीचे, सुमारे ८,००० किलोमीटरवरचे उपग्रह वापरतात. आणि स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवरच आहेत, त्यामुळे तिथे कॉल घरच्यासारखा लागतो. २०२२ साली रॉयल कॅरिबियननं आपल्या जहाजांवर स्टारलिंक बसवायचं जाहीर केलं, आणि नंतर इतर मोठ्या कंपन्याही त्याच वाटेनं गेल्या.

हे सांगायचं कारण असं, की नेट गेलं म्हणजे फोन बिघडला असं समजून नवी मुलं फोन रीसेट करतात आणि सगळं घालवून बसतात. नेट जायला बरीच कारणं असतात. जोराचा पाऊस असला की सिग्नल पडतो. अलास्का किंवा नॉर्वेच्या खाड्यांत दोन्ही बाजूंना उंच डोंगर असतात. विषुववृत्तावरचा उपग्रह तिथून क्षितिजाजवळ, अगदी खाली दिसतो आणि डोंगर तो झाकून टाकतो. बोट वळली की कधी तिचं धुराडंच अँटेनाच्या आड येतं. काही देशांच्या हद्दीत परवानगी नसल्यामुळे सेवा बंद ठेवावी लागते. अशा वेळी फोनला हात लावू नका. एक-दोन तास थांबा, केबिनमेटचं चालू आहे का विचारा.

एजंटकडे कागदांवर सही करताना दोन प्रश्न विचारून घ्या: बोटीवर क्रूसाठी नेट फुकट आहे की पैसे पडतात? पडत असतील तर किती? विचारायला लाजू नका. सागरी कामगार करारात, म्हणजे एमएलसी २००६ मध्ये, केलेली दुरुस्ती २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाली आहे. जहाजमालकानं क्रूला शक्य तितकं इंटरनेट द्यावं आणि पैसे घेतलेच तर ते वाजवी असावेत, असं त्यात म्हटलं आहे. भारतानं हा करार २०१५ सालीच स्वीकारला आहे.

२. घर सोडण्यापूर्वी: सिम, बँक आणि ओटीपी

सगळ्या लेखातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी. जॉइनिंगच्या निदान तीन आठवडे आधी सुरू करा, कारण बँकेचे फॉर्म एका दिवसात होत नाहीत.

*सिम जिवंत ठेवा.* प्रीपेड सिम सलग ९० दिवस अजिबात वापरलं नाही आणि त्यात २० रुपयेही शिल्लक नसले, तर कंपनी ते बंद करू शकते. कॉन्ट्रॅक्ट असतो सहा ते नऊ महिन्यांचा. बंद झालेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कोणाला दिला जातो, आणि मग तुमच्या बँकेचे मेसेज त्या माणसाला जायला लागतात. म्हणून निघण्यापूर्वी वर्षभराचा रिचार्ज मारा. महागडा डेटा नको, मुदत लांब हवी. घरातल्या एकाला रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिहून द्या.

*इंटरनॅशनल रोमिंग भारतात असतानाच सुरू करून घ्या.* पॅक घ्यायलाच पाहिजे असं नाही, पण सेवा सुरू पाहिजे. बहुतेक कंपन्यांमध्ये परदेशात आलेल्या एसएमएसला पैसे पडत नाहीत. तुमच्या प्लॅनला ते लागू आहे का, हे कस्टमर केअरकडून पक्कं करून घ्या. मग बोट पोर्टला लागली, फोननं तिथलं नेटवर्क पकडलं की अडकलेले मेसेज येतात. डेटा रोमिंग मात्र कायम बंद.

*सिम कुठे ठेवायचं?* यावर क्रूमध्ये दोन मतं आहेत. काहीजण बँकेचं सिम घरी साध्या फोनमध्ये ठेवतात आणि बायको किंवा आई फोनवर ओटीपी वाचून दाखवते. सी डेला, म्हणजे बोट दिवसभर समुद्रातच असते तेव्हाही, ओटीपी मिळतो, हा त्याचा फायदा. पण यूपीआय आणि बँकेची अ‍ॅप सिमशी बांधलेली असतात. सिम फोनमधून काढलं की ती पुन्हा पडताळणी मागतात आणि तुम्ही बाहेर पडता. शिवाय ओटीपी कोणालाही सांगायचा नाही असं बँक सांगते, आणि इथे घरच्यांना रोज तेच करायची सवय लागते. उद्या ठगाचा फोन आला तर आई त्यालाही वाचून दाखवेल. मी सिम स्वतःच्या फोनमध्येच ठेवतो आणि मला ओटीपी लागणारच नाही अशी व्यवस्था करून जातो.

ती व्यवस्था अशी. कर्जाचा हप्ता, विमा, वीजबिल हे सगळं ऑटो डेबिटवर टाका. घरखर्चाची रक्कम दर महिन्याच्या ठरावीक तारखेला घरच्या खात्यात जाईल अशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन द्या. तुमचं एनआरई खातं (परदेशी कमाईचं अनिवासी खातं) असेल तर घरातल्या विश्वासू माणसाच्या नावे मँडेट, म्हणजे खातं चालवायची लेखी परवानगी, द्या, म्हणजे अडीअडचणीला त्याला चेकनं पैसे काढता येतील. काही बँका एनआरआय खात्याला ईमेलवरही ओटीपी देतात. त्याचा फॉर्म वेगळा असतो. शाखेत जाऊन नेमकं हेच विचारा, कारण आपण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

*ईमेलची कुलपं.* बोटीचं नेट जगात कुठूनही बाहेर पडतं. तुम्ही बहामाजवळ असता आणि गूगलला वाटतं तुम्ही अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये आहात. मग "हे तुम्हीच का?" म्हणून ते पडताळणी मागतं, तीही भारतातल्या नंबरवर. गूगलच्या सुरक्षा सेटिंगमध्ये बॅकअप कोड मिळतात, आठ-आठ आकड्यांचे दहा कोड. ते कागदावर लिहून घ्या. एक प्रत पासपोर्टच्या पाकिटात, एक घरी. शिवाय लॉगिनचे कोड फोनवरच बनवणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावा, त्याला कोड दाखवायला नेट लागत नाही.

*व्हॉट्सअ‍ॅप.* टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा, सहा आकडी पिन ठेवा आणि ईमेल जोडा. समुद्रात असताना व्हॉट्सअ‍ॅप कधीही अनइन्स्टॉल करू नका. पुन्हा लावताना एसएमएस येतो आणि तो तुम्हाला मिळणार नाही. जुना फोन असेल तर तो लिंक्ड डिव्हाइस म्हणून जोडून बरोबर न्या. मुख्य फोन पाण्यात पडला तरी १४ दिवस त्याच्यावर काम चालतं. तेवढ्यात एखादं पोर्ट येतं.

सोबत काय काय घ्यायचं

- वर्षभराचा रिचार्ज असलेलं आणि रोमिंग सुरू असलेलं सिम
- ई-सिम चालणारा किंवा दोन सिमचा, कोणत्याही कंपनीला न बांधलेला फोन
- जुना चालू फोन आणि सिम काढायची पिन
- बॅकअप कोड, बँकेचा ग्राहक क्रमांक आणि परदेशातून लावायचा बँकेचा हेल्पलाइन नंबर, हे सगळं कागदावर
- पासपोर्ट, सीडीसी, सी-वन डी व्हिसा (क्रूसाठीचा अमेरिकन व्हिसा), मेडिकल, कोर्सची सर्टिफिकेटं आणि कॉन्ट्रॅक्ट यांचे पीडीएफ, फोनमध्येच उतरवलेले
- अमेरिकन आणि युरोपीय सॉकेटला चालणारे साधे अ‍ॅडॉप्टर. सर्ज प्रोटेक्टर असलेली एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका, ती बोटीवर काढून घेतात
- पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क. सिनेमे, भजनं, मुलांचे व्हिडिओ, जे काही मन रमवतं ते घरच्या वाय-फायवर भरून घ्या

३. फोन आवरून घ्या

घरी अर्धा तास बसा आणि एवढं करा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा आणि "कॉलसाठी कमी डेटा वापरा" हे सुरू करा. गूगल फोटो किंवा आयक्लाउडचा बॅकअप बंद. अ‍ॅपचे आपोआप होणारे अपडेट बंद. ज्या शहरात जॉइन होणार त्याचा नकाशा गूगल मॅप्समध्ये ऑफलाइन उतरवा. स्पॅनिश भाषांतर ऑफलाइन घेऊन ठेवलंत तर पहिल्या महिन्यात गॅलीत (बोटीच्या स्वयंपाकघरात), केबिनमध्ये, सगळीकडे उपयोगी पडेल. विमानतळावर दाखवायची कागदपत्रं, हॉटेलचा पत्ता आणि पोर्ट एजंटचा नंबर यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. मायामीला उतरल्यावर ईमेल उघडत बसायला वेळ मिळत नाही.

कुटुंबाच्या ग्रुपवर दिवसाला पन्नास सुप्रभात येत असतील तर त्या ग्रुपची माफी मागून काही महिने बाहेर पडा किंवा तो अर्काइव्ह करा. घरच्या चौघांचा वेगळा ग्रुप करा.

४. गँगवे चढताना एअरप्लेन मोड, मगच वाय-फाय

गँगवे म्हणजे बोटीवर चढायचा पूल. तिथे क्रम चुकवू नका. आधी एअरप्लेन मोड, मग त्यातच वाय-फाय सुरू.

कारण असं, की बऱ्याच क्रूझवर बोटीचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं. किनाऱ्यापासून साधारण १२ सागरी मैल आत गेल्यावर ते सुरू होतं. फोनवर "सेल्युलर अ‍ॅट सी" किंवा ९०१ नं सुरू होणारा आकडा दिसतो. फोनला ते साधं रोमिंग वाटतं, आपल्यालाही वाटतं. पण हे नेटवर्क कोणत्याच देशाचं नसतं, त्यामुळे देशांसाठी घेतलेला रोमिंग पॅक इथे सहसा चालत नाही आणि दर फार चढे असतात. माझ्या एका केबिनमेटनं फोन उशाशी चालू ठेवला होता. रात्रीत फोटोंचा बॅकअप गेला आणि घरी पोस्टपेडचं बिल आलं ते त्याच्या अर्ध्या पगाराचं.

पहिल्या दिवशी क्रू ऑफिसात क्रू आयडी मिळतो आणि नेटचं खातं उघडतं. वाय-फाय जोडलं की लॉगिनचं पान उघडायला हवं. उघडलं नाही तर व्हीपीएन बंद करा आणि पुन्हा जोडा. तरीही नाही उघडलं तर वाय-फायच्या सेटिंगमध्ये त्या नेटवर्कपुरता "प्रायव्हेट वाय-फाय अ‍ॅड्रेस" किंवा अँड्रॉइडवर "रँडमाइज्ड मॅक" बंद करा. हे चालू असलं की फोन स्वतःची ओळख बदलत राहतो, बोटीच्या सिस्टिमला वाटतं नवा फोन आलाय, आणि घेतलेलं पॅकेज दिसेनासं होतं. नव्या मुलांच्या निम्म्या तक्रारी इथे सुटतात.

आणखी एक फसगत. बोट घड्याळ एक तास मागे-पुढे करते, पण एअरप्लेन मोडमध्ये फोनचं घड्याळ आपोआप बदलत नाही. मग मुलं हातानं वेळ बदलतात. तसं करू नका. सेटिंगमध्ये जाऊन टाइम झोन बदला. नुसती वेळ सरकवली तर फोनच्या हिशेबानं खरी वेळच चुकते: ऑथेंटिकेटरचे कोड चालत नाहीत, बँकेची साइट उघडत नाही, व्हॉट्सअ‍ॅप म्हणतं तारीख तपासा. कारण घड्याळात आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही.

५. पॅकेज निवडणं आणि पुरवणं

क्रूचं पॅकेज कंपनीगणिक वेगळं असतं. कुठे मिनिटांवर, कुठे एमबीवर, कुठे दिवसाचं किंवा आठवड्याचं. काही ठिकाणी फक्त मेसेजचं स्वस्त पॅकेज मिळतं. त्यात व्हॉट्सअ‍ॅपचं लिहिणं चालतं, कॉल चालत नाही. घेण्याआधी हे विचारा, मी न विचारता घेतलं होतं. गेस्टना एका डिव्हाइससाठी दिवसाला साधारण २० ते ३० डॉलर पडतात; प्रवासाआधी घरून घेतलं तर बहुधा थोडं स्वस्त मिळतं.

पहिल्या आठवड्यात सगळ्यात लहान पॅकेज घ्या. बोट, केबिन, ड्यूटीची वेळ काहीच माहीत नसताना महिन्याचं घेणं म्हणजे पैसे वाया.

मिनिटांचं पॅकेज असेल तर लॉगआउट करणं हाच सगळा खेळ आहे. ब्राउझर बंद केला, फोन खिशात टाकला, तरी मिनिटं चालूच राहतात. लॉगआउटचं पान कुठलं, ते पहिल्याच दिवशी लिहून घ्या आणि बुकमार्क करा. "सेशन संपलं" असं दिसेपर्यंत वाय-फाय बंद करू नका. मिनिटांच्या पॅकेजवर मी मेसेज आधी लिहून ठेवतो, मग लॉगिन करतो, पाठवतो, आलेलं उतरवून घेतो आणि बाहेर पडतो. वाचणं, ऐकणं नंतर निवांत.

एमबीचं पॅकेज असेल तर आयफोनवर लो डेटा मोड आणि अँड्रॉइडवर ते नेटवर्क "मीटर्ड" करा. लॅपटॉप जोडताना विशेष जपा. विंडोज अपडेट सुरू झालं की पॅकेज अर्ध्या तासात संपतं. तिथेही मीटर्ड कनेक्शनचं बटण आहे.

६. कुठे बसायचं आणि केव्हा

क्रूच्या केबिन खालच्या डेकवर, कधी पाण्याच्या पातळीखाली. भिंती आणि दारं पोलादी. वाय-फायचा डबा बाहेर कॉरिडॉरमध्ये असतो, दार लावलं की सिग्नल निम्मा. क्रू मेस, क्रू बार आणि आय-नाइन्टीफाइव्ह, म्हणजे बोटीच्या पोटातून लांबलचक जाणारा आपला मुख्य रस्ता, इथे बहुधा चांगला मिळतो. तिथे उभं राहून बोलणं अवघड असतं, कारण मागून ट्रॉल्या येत असतात. रस्ता अडवू नका.

रात्री दहा ते एक सगळी क्रू ड्यूटी सुटून एकदम ऑनलाइन येते. सी डेला दुपारी सगळे गेस्ट ऑनलाइन असतात. चांगलं नेट मिळतं ते पहाटे, किंवा पोर्टला लागल्यावर गेस्ट खाली उतरले की.

आता घरची वेळ. मायामीच्या वेळेवर बोट असेल तर हिवाळ्यात भारत साडेदहा तास पुढे, उन्हाळ्यात साडेनऊ. बार्सिलोनाच्या वेळेवर हिवाळ्यात साडेचार, उन्हाळ्यात साडेतीन. हिवाळ्यात कॅरिबियनमध्ये रात्री नऊला ब्रेक मिळाला की घरी सकाळचे साडेसात वाजलेले असतात. मुलं शाळेला निघायची असतात, आई चुलीपुढे असते. माझ्या मुलीचं बालपण मी याच दहा मिनिटांत पाहिलं. तुमच्या ड्यूटीत अशी एक वेळ शोधा आणि ती घरी सांगून ठेवा.

७. पोर्टमध्ये: खरं नेट इथे मिळतं

मोठी कामं पोर्टसाठी ठेवा: बँक, लांब व्हिडिओ कॉल, अपडेट, फोटो पाठवणं. फक्त आधी आयपीएमची यादी पाहा. पोर्टमध्येही ठरावीक क्रूला सुरक्षेसाठी बोटीवर थांबावं लागतं. त्यात तुमचं नाव असेल तर घरी आदल्या रात्रीच कळवा, नाहीतर लेकरं फोन धरून बसतात.

मिशन टू सीफेअरर्स आणि स्टेला मारिस या संस्थांची केंद्रं जगभरातल्या पुष्कळ बंदरांत आहेत. तिथे वाय-फाय असतं, बसायला खुर्ची असते, आणि घरची वाईट बातमी आली असेल तर बोलायला माणूसही असतं. धर्म कोणी विचारत नाही. आपली मुलं तिकडे जायला संकोच करतात, ते बरोबर नाही. ती जागा आपल्यासाठीच आहे.

युरोपात सिझन असेल तर युरोपियन युनियनमधल्या एका देशाचं सिम इतर सदस्य देशांतही ठरावीक मर्यादेत त्याच दरानं चालतं. स्पेनमध्ये घेतलेलं इटली, फ्रान्स, ग्रीसमध्ये चालेल. तुर्कस्तान, मॉन्टेनेग्रो आणि इंग्लंड युनियनमध्ये नाहीत, तिथे लागल्यावर डेटा बंद करून मग पाहा. कॅरिबियनमध्ये जवळजवळ प्रत्येक बेट वेगळा देश, म्हणून तिथे बऱ्याच बेटांवर चालणारं ई-सिम बरं पडतं. ई-सिम उतरवायला नेट लागतं, तेव्हा ते आधीच्या पोर्टमध्ये उतरवून ठेवा. आणि लक्षात असू द्या, ई-सिमसुद्धा टॉवरवरच चालतं. भर समुद्रात त्याचा उपयोग शून्य.

गोदीच्या गेटबाहेर आधीच चालू केलेली सिमं विकणारे उभे असतात. ती दुसऱ्याच्या नावावर असतात आणि दोन दिवसांत बंद पडू शकतात. दुकानात पासपोर्टची प्रत देऊन घ्या.

दुबईला लागलात तर व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल तिथल्या नेटवर्कवर लागत नाही, मेसेज जातात. तिथे बोटिम हे अ‍ॅप चालतं. घरच्या फोनवर ते आधीच बसवून द्या.

फुकटच्या वाय-फायवर आणि क्रूच्या सामायिक कॉम्प्युटरवर बँकेचं काम करू नका. बँकेसाठी स्वतःचा डेटा वापरा.

८. या गोष्टी करू नका

गेस्टचं वाय-फाय वापरणं, गेस्टकडून पासवर्ड घेणं, स्वतःचा राउटर लावणं, यांवर वॉर्निंग मिळते, आणि पुन्हा सापडलात तर घरी पाठवतात. चार डॉलर वाचवण्यापायी कॉन्ट्रॅक्ट गेलेला मुलगा मी पाहिला आहे.

गेस्टचे, त्यांच्या मुलांचे, बोटीच्या आतल्या तांत्रिक भागांचे फोटो सोशल मीडियावर टाकू नका. युनिफॉर्ममधला रील टाकण्याआधी कंपनीचा नियम वाचा.

आणि थुराया किंवा इरिडियमचा सॅटेलाइट फोन घेऊन भारतात येऊ नका. परदेशात तो दुकानात मिळतो, पण सरकारी परवानगीशिवाय तो आपल्याकडे बाळगणं गुन्हा आहे. उपग्रहावरून संदेश पाठवणारी ट्रेकिंगची उपकरणंही त्यातच येतात. विमानतळावर लोकांना अटक झालेली आहे.

९. घरच्यांना काय सांगून निघायचं

मी पहिल्यांदा एप्रिलच्या शेवटी बोटीबरोबर अटलांटिक ओलांडून युरोपात गेलो, तेव्हा सात दिवस सलग समुद्र होता आणि त्यातले दोन दिवस नेट नव्हतं. भावानं आईला फोनवर जहाजांचा नकाशा दाखवायला शिकवलं होतं. मरीनट्रॅफिक, व्हेसलफाइंडर अशा साइटवर आपली बोट कुठे आहे ते दिसतं. पण फुकटच्या नकाशावर किनाऱ्यावरच्या रिसीव्हरनं पकडलेलीच जागा दिसते. बोट खोल समुद्रात गेली की तिथे ती जुन्या जागीच अडकलेली दिसते किंवा नाहीशी होते. आई दोन दिवस जेवली नाही.

म्हणून निघण्यापूर्वी घरच्यांना बसवून सांगा: बोटीची सुरक्षेची यंत्रणा वेगळी असते, तिचा आपल्या वाय-फायशी संबंध नाही. माझा मेसेज आला नाही याचा अर्थ एवढाच, की मला नेट मिळालं नाही. एक टिक दिसली तर घाबरायचं नाही. पुढचं पोर्ट कधी, ते मी आधी कळवीन.

आणि एक कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. त्यावर बोटीचं नाव, कंपनीचं नाव, तुमचा क्रू आयडी आणि डिपार्टमेंट, भारतातल्या एजंटचा चोवीस तासांचा नंबर, कंपनीचा क्रू इमर्जन्सीचा नंबर. घरी खरंच काही घडलं तर व्हॉट्सअ‍ॅपची वाट पाहू नका, एजंटला फोन करा. तो कंपनीला कळवतो, कंपनी बोटीला, आणि तुम्हाला ड्यूटीवरून बोलावून निरोप देतात. त्याला तुमचं पॅकेज लागत नाही. घरच्यांना हा नंबर एकदा स्वतः लावून पाहायला सांगा, उचलतात का ते कळेल.

घरून येणारे निरोप आवाजात रेकॉर्ड करून पाठवायला शिकवा. कॉल तुटतो, व्हॉइस मेसेज तुटत नाही, तो रांगेत थांबतो आणि नेट आलं की पोचतो. शिवाय तो पुन्हा ऐकता येतो.

१०. साइन ऑफच्या आठवड्यात

कॉन्ट्रॅक्ट संपून बोट सोडायच्या या आठवड्यात नवं मोठं पॅकेज घेऊ नका. उरलेलं परत मिळत नाही. कंपनीच्या पोर्टलवरच्या पगाराच्या स्लिपा, सी सर्व्हिसचं पत्र, अप्रेझल हे सगळं फोनमध्ये उतरवून घ्या, कारण साइन ऑफनंतर पोर्टलचं लॉगिन कधी बंद होईल ते सांगता येत नाही. विमानाचं तिकीट आणि हॉटेलचं व्हाउचर यांचे स्क्रीनशॉट काढा. क्रूच्या सामायिक कॉम्प्युटरवर कुठे लॉगिन राहिलं असेल तर फोनवरून सगळी डिव्हाइस लॉगआउट करा.

मुंबईला उतरल्यावर एअरप्लेन मोड काढा आणि दहा मिनिटं फोन तसाच राहू द्या. उरलेसुरले एसएमएस एकापाठोपाठ एक येतात, त्यात जुने ओटीपीही असतात. ते आवरले की मग बँकेचं अ‍ॅप उघडा, नाहीतर घाईत जुना ओटीपी टाकाल आणि तीनदा चुकलं की अकाउंट लॉक.